कळसाची सावली

गेल्या महिन्यात इंग्लंडातल्या ग्रँथमहून, माझ्या जुन्या शाळेचे पत्र आले. बिशप रिचर्ड फॉक्स यांनी १५२८ साली शाळेची नव्याने घडी बसवून दिली, त्याला २०२८ मध्ये ५०० वर्षे होतात. स्मरणिका काढतो आहोत, शाळेच्या इतिहासाला धरून आठवणी लिहून पाठवा, मातृभाषेत लिहिल्यात तरी चालेल, भाषांतराचे आम्ही बघतो, असा मजकूर. रत्नागिरीच्या भर पावसात ओटीवर बसून मी ते पत्र दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. १९७१ ते १९७६ अशी पाच वर्षे मी किंग्ज स्कूलचा विद्यार्थी होतो. त्या पाच वर्षांच्या शिदोरीवर मी पुढची पन्नास वर्षे काढली.

इतिहासाला धरून लिहा म्हणतात, पण लिहायला बसले की आमचे गणिताचे सर समोर येऊन उभे राहतात आणि बाकी सगळे मागे सरते. शाळेचा इतिहास मला त्यांनीच सांगितला. तोही वर्गात नव्हे, ब्रुक स्ट्रीटवरून चालता चालता, हातातला खडू कोटाच्या खिशात टाकत.

वडील तिथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि आम्ही सांगलीचे बिऱ्हाड उचलून ग्रँथमला आलो. लंडनहून येणारी गाडी स्टेशनात शिरायच्या आधी सेंट वुल्फ्रम चर्चचा मनोरा दिसला. मनोऱ्यावरचा तो निमुळता दगडी सुळका बघून आईने खिडकीतूनच हात जोडले. 'देवळाचा कळस दिसला,' ती म्हणाली. तेव्हापासून मी त्याला कळसच म्हणत आलो, आणि इथेही तसेच लिहिणार आहे.

मी बारा वर्षांचा होतो. इंग्रजी वाचता येत होते, बोलताना अडखळत होतो. शाळेत सगळ्यांना आडनावाने हाक मारायची रीत. माझ्या आडनावात ळ आहे. सरांनी पहिल्याच आठवड्यात मला फळ्याजवळ बोलावले, आडनाव माझ्या लिपीत लिहायला लावले आणि ळ वर बोट ठेवून म्हणाले, 'हे म्हणून दाखव.' दहा-बारा वेळा माझ्याकडून म्हणून घेतले. त्यांना ळ शेवटपर्यंत साधला नाही. पण सोय म्हणून त्यांनी त्याचा ल कधी केला नाही. रोज हजेरीला माझ्या नावाशी आले की क्षणभर थांबत, जीभ वळवून बघत, आणि मग पुढे जात. परक्या गावात आलेल्या मुलाला त्या थांबण्याने काय दिले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आमच्या शाळेचे नाव काढले की लोक न्यूटनचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. जुन्या शाळेच्या खिडकीच्या दगडी कठड्यावर कोरलेले त्याचे नाव आपण सगळ्यांनी बोटाने चाचपून पाहिलेले आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिलही काही काळ इथेच शिकला. पण सरांचे दैवत यांपैकी कोणी नव्हते. त्यांचे दैवत म्हणजे हेन्री स्टोक्स, न्यूटनच्या वेळचे मुख्याध्यापक. ती गोष्ट ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि जुनी मुलेही कान देऊन ऐकत.

न्यूटन १६५५ साली आपल्या वूल्सथॉर्प गावाहून इथे आला आणि हाय स्ट्रीटवर क्लार्क नावाच्या औषधविक्याकडे राहू लागला. अभ्यासात अगदी तळाला. एक दिवस शाळेत येताना एका मुलाने त्याच्या पोटात लाथ मारली. शाळा सुटल्यावर चर्चच्या आवारात दोघांची जुंपली. न्यूटन अंगाने किरकोळ, पण त्याने त्या मुलाला हरवले, आणि कान धरून त्याचे नाक चर्चच्या भिंतीवर घासले. मग अभ्यासातही त्याला मागे टाकायचे म्हणून इरेला पेटला आणि पहिला आला. इथवर आम्हा मुलांना आवडणारा भाग. सरांना आवडणारा भाग याच्या पुढचा. आईने न्यूटनला शेती बघायला घरी परत नेले. मेंढरे वळायला पाठवले की हा झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचा. स्टोक्स स्वतः त्याच्या आईला भेटले, मुलाला परत पाठवा म्हणून गळ घातली, आणि परगावच्या मुलांकडून घ्यायची ४० शिलिंगांची फी सोडतो म्हणाले. पोरगा परत आला. १६६१ साली केंब्रिजला गेला. 'ते ४० शिलिंग लक्षात ठेवा,' सर म्हणत. 'सफरचंद नंतरचे.'

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळे लिहायला घेतले, तो सांगतो. तसा तो अगदी किरकोळ आहे.

१९७३ चा जून, तिसरा आठवडा. समरूप त्रिकोण शिकवून झाले होते. सर म्हणाले, दुपारच्या सुट्टीत कळसाची उंची काढून आणा, कोणाला विचारायचे नाही आणि पुस्तकात बघायचे नाही. मी आणि माझा एक मित्र क्रिकेटचा स्टम्प आणि मोजपट्टीची लांब फीत घेऊन चर्चच्या आवारात गेलो. ऊन लख्ख होते, आणि ग्रँथमच्या त्या लिंकनशर परगण्यात ते काही रोजचे नव्हे. एक वाजून गेला होता. सावली उत्तरेकडे, शाळेच्या दिशेने पडली होती, जुन्या थडग्यांवरून आणि गवतावरून. स्टम्प मातीत रोवला. वर राहिला तो भाग बरोबर २४ इंच, त्याची सावली साडेतेरा इंच. कळसाच्या टोकाची सावली मात्र पुसट होती, कुठे संपते ते कळेना. मित्र गवतावर पालथा पडून बघत होता आणि मी सांगेन तिथे बोट टेकवत होता. शेवटी एक जागा नक्की केली. तिथपासून चर्चच्या भिंतीपर्यंत फीत धरली: ११८ फूट. गुणाकार-भागाकार केला, उत्तर आले २१० फूट. आम्ही धावत वर्गात गेलो. आमच्या आधी कोणी पोचले नव्हते.

सरांनी वही बघितली. चूक आहे असे म्हणाले नाहीत, बरोबर आहे असेही म्हणाले नाहीत. माझे आडनाव घेतले, ळ पाशी नेहमीसारखे थांबले, आणि म्हणाले, 'आत जा. कळसाच्या बरोबर खाली उभा राहा. मग येऊन मला सांग.'

चर्चमध्ये त्या वेळी कोणी नव्हते. ऊन बाहेर राहिले आणि आत दगडाचा गारवा. मी पश्चिमेच्या दाराजवळ, मनोऱ्याच्या चार अजस्र खांबांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि मान वर केली. मनोरा बरोबर माझ्या डोक्यावर होता. मग मी उत्तरेच्या भिंतीकडे पाहिले. ती केवढी तरी लांब होती. मध्ये खांब, त्यापलीकडे बाजूचा आख्खा सोपा, आणि मग ती भिंत. आम्ही सावली त्या भिंतीपासून मोजली होती. पण टोक काही भिंतीवर उभे नव्हते. ते माझ्या डोक्यावर होते. सावलीचा पहिला तुकडा चर्चच्या पोटात, छपरावर पडलेला होता आणि आम्ही तो धरलाच नव्हता.

मी तिथून धावलो नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग मित्राला हाक मारली आणि आम्ही चर्चची रुंदी मोजली. ऐंशी फुटांच्या आसपास भरली. तिची निम्मी, ४०, त्या ११८ मध्ये मिळवली आणि पुन्हा मांडले: २८१ फूट. त्या वेळी सगळे २८३ सांगत.

घंटा झाली होती. पुढचा तास लॅटिनचा होता आणि त्याला मी उशिरा पोचणार हे नक्की होते. सर दारातच उभे होते, लॅटिनच्या सरांसाठी चिठ्ठी लिहून तयार ठेवलेली. वही बघितली आणि एवढेच विचारले, 'कुठून मोजायचे?' मी म्हणालो, 'पायथ्यापासून, सर.' ते म्हणाले, 'पायथा कुठे असतो?' मी बोट जमिनीकडे नेले, मग कळसाकडे, मग पुन्हा जमिनीकडे. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी हातात दिली.

१९७६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी इंग्लंडात पाऊसच पडला नाही आणि आवारातले गवत पिवळे पडले होते, आम्ही भारतात परत आलो. मी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि सर्वेक्षणात शिरलो. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, खांद्यावर घेऊन सह्याद्रीचे किती कडे चढलो-उतरलो याचा हिशेब नाही. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्या कामावर मी गेलो आणि १ मे १९९८ ला मार्ग देशाला अर्पण झाला तोपर्यंत त्याच कामावर होतो. तरुणपणाची उत्तम वर्षे त्यात गेली आणि त्याचा मला अभिमान आहे. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल बांधून झाला तेव्हा तो देशातला सर्वांत उंच रेल्वे पूल होता. त्याची उंची ६४ मीटर. दरीत खाली उभे राहून वर बघितले की पोटात गोळा येतो.

पूल पुरा झाल्यावर एका संध्याकाळी मी फील्ड बुकाच्या कोपऱ्यात सहज ६४ मीटरचे फूट केले. २१० आले. क्षणभर मला काही सुचेना. चर्चच्या भिंतीपासून मोजून आणलेले माझे ते चुकीचे उत्तर वीस-बावीस वर्षांनी कोकणातल्या एका दरीत तंतोतंत उभे होते. त्याच रात्री मी सरांना पत्र लिहिले. त्याआधी मी त्यांना एकदाही लिहिले नव्हते. नोकरी, लग्न, मुले, वडिलांचे आजारपण, कारणे पुष्कळ होती आणि एकही पुरेसे नव्हते. याची खंत मला आहे आणि राहील.

आज माझ्या हाताखालून गेलेली मुले मोठमोठी कामे बघतात. टोटल स्टेशन लावले, बटण दाबले, अंतर, कोन, उंची सगळे पडद्यावर. यंत्र उत्तम आहे, मी स्वतः वापरले आहे. पण मुले आकडा वाचतात आणि वर बघत नाहीत. मी त्यांना खांबाच्या बरोबर खाली उभे राहायला सांगत असे. काहींना ते म्हातारपणाचे खूळ वाटले असेल. दोघे-तिघे मात्र जाऊन उभे राहिले आणि त्यांची तोंडे बदललेली मी बघितली.

इंग्लंडात १९६५ नंतर गावोगावच्या ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या आपल्यासारख्या शाळा, मोडीत निघाल्या. लिंकनशरने आपल्या बऱ्याचशा राखल्या, आणि आपली शाळा अजून त्याच आवाराशेजारी, त्याच कळसाच्या सावलीत उभी आहे, याचे मला इथे बसून समाधान वाटते. त्या धोरणावर वाद घालणारे घालोत. माझ्या लेखी ती शाळा म्हणजे सर, आणि त्यांना जागा देणारी शाळा मोडली असती तर माझे काय झाले असते हा विचारही मला सोसवत नाही.

पत्राला सरांचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. तोवर ते निवृत्त झाले होते, अक्षर थोडे थरथरलेले. अभिनंदन एका ओळीत होते. ख्यालीखुशाली एका ओळीत. वर पत्ता लिहिताना त्यांनी माझे आडनाव इंग्रजीत लिहिले होते, आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, बावीस वर्षांपूर्वी फळ्यावर पाहिलेला एकटा ळ काढला होता, किंचित तिरपा. मग शेवटची ओळ: '६४ मीटर म्हणतोस, ते कुठून मोजलेस?'

पुढच्या रविवारी मी फीत घेऊन पुन्हा दरीत उतरलो.