गाडीला भोक न पाडता : आमची वाटचाल

छोट्या गाडीत बसवता-काढता येणारं झोपायच्या पलंगाचं किट आम्ही बडोद्यात बनवतो. पण आमचा मूळ धंदा पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्यांचा. मकरपुरा जीआयडीसीत फाउंड्र्या जोरात होत्या तेव्हा पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉड्या, मोटारीची एंडशील्ड यांचे सागवानी पॅटर्न बाबांच्या हातून जायचे. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या त्या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला काटकोन तपासायचा गुण्या कसा धरायचा हे पुन्हा सांगावं लागत नसे. बाबांची आकसपट्टी अजून माझ्या टेबलावर असते. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा आठवा हिस्सा इंचाने मोठा. आज गाड्यांच्या कामात तिचा उपयोग नाही, पण माप कशासाठी घेतोय हे आधी ठरवायचं आणि मग पट्टी उचलायची, ही सवय तिनेच लावली.

पुढे पॅटर्न संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर निघू लागले आणि आमच्याकडे दुरुस्तीची किरकोळ कामं उरली. २०१६ च्या दिवाळीत घरी मारुतीची ब्रेझा आली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. डिसेंबरात जांबुघोड्याच्या जंगलाकडे, कडा धरणावर गेलो आणि गाडीतच झोपायचं ठरवलं. मागची सीट पाडली, वर घरची गादी टाकली. रात्रभर कमरेखाली सीटची पायरी टोचत होती आणि माझे पाय डिकीच्या दाराला लागत होते.

अडचण कुठे आहे ते या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून कंपन्या गाडी तिथेच थांबवतात. ब्रेझा घ्या, व्हेन्यू घ्या, लांबी ३९९५ मिलिमीटर. त्यातून इंजिन, डॅशबोर्ड आणि पुढच्या सीटा वजा केल्या की झोपायला जेमतेम साडेपाच फूट उरतात. कमी पडणारं अर्धं फूट पुढची सीट सरकवून, मधल्या खड्ड्यावर बिजागरीची फळी टाकून मिळवावं लागतं. सगळं काम त्या अर्ध्या फुटाचं आहे.

पहिला पलंग मी १८ मिलिमीटरच्या प्लायचा केला. मजबूत झाला, पण एवढा जड की डिकीत चढवायला दोन माणसं लागायची. अठराची अख्खी शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. त्यात चाकाच्या कमानीपाशी बोटभर फट राहिली आणि खडबडीत रस्त्यावर ती फळी कुरकुरत राहिली. आमचे मिस्त्रीकाका तेव्हा बाबांच्या जागी बसून जुने पॅटर्न दुरुस्त करायचे. गुजराती माणूस, वयाच्या चौदाव्या वर्षापासून आमच्याकडे. त्यांनी गाडीत डोकं घातलं, कमानीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "भाई, आ तो पॅटर्ननुं काम छे." तिथून हा धंदा सुरू झाला. कागदावर ते माझे नोकर. मी त्यांना भागीदार म्हणतो.

फर्मा, म्हणजे फळी ज्या आकारावरून कापायची तो नमुना, कसा काढतात ते सांगतो, कारण यावरच सगळं उभं आहे. चाकाची कमान एका वर्तुळाचा तुकडा नसते. वर सपाट, मागे उतरती, सीटबेल्टच्या रिळापाशी आत दबलेली. काका आधी जाड पुठ्ठा साधारण आकारात कापून कमानीला टेकवतात. मग आइस्क्रीमच्या काड्या त्या पुठ्ठ्यावर एकेक इंचावर सरकवत नेतात. काडीचं टोक पत्र्याला टेकलं की मागचं टोक फेव्हिकॉलने चिकटवायचं. पन्नास-साठ काड्या झाल्या की पुठ्ठ्याला कंगव्यासारखे दात येतात आणि त्या दातांची टोकं म्हणजे ती कमान. ते चार मिलिमीटरच्या प्लायवर उतरवायचं, जिगसॉने रेषेबाहेर कापायचं आणि अर्धगोल कानशीने रेषेपर्यंत यायचं. कानस मारताना काका डोळे मिटतात. डावी आणि उजवी कमान कधी सारखी नसते, हे लक्षात ठेवा. एका बाजूचा फर्मा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावणारा माणूस मी शेडमध्ये ठेवत नाही.

आणि गाडीला भोक पाडायचं नाही. फळी १२ मिलिमीटरची मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायची, त्या प्लायच्या मानकाचा आयएस ७१० चा शिक्का पाहून घेतलेली, खाली ॲल्युमिनियमची चौकट, आणि ती चौकट टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताणायच्या स्क्रूने, कंपनीच्याच कड्यांना ताणायची: डिकीतले सामान बांधायचे हूक आणि मुलांच्या सीटसाठीच्या आयसोफिक्सच्या कड्या. वीस मिनिटांत किट बाहेर, सोमवारी सकाळी मागच्या सीटवर मुलं शाळेला. यात कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. मागची सीट कायमची काढली की पाच सीटची गाडी दोन सीटची होते. आम्ही हे २०१७ पासून पाळतोय, कारण मिस्त्रीकाकांना दुसऱ्याच्या वस्तूला भोक पाडणं पटत नव्हतं.

घरची गाडी सोडली तर पहिलं किट दांडिया बाजारातल्या एका काका-काकूंचं. बँकेतून निवृत्त झालेले, गाडी आमच्यासारखीच ब्रेझा. काकूंच्या गुडघ्यांमुळे पलंग त्यांना दोन इंच खाली हवा होता, तो आम्ही दिला. एका खणात शेगडी, एका खणात पोळीचा डबा आणि देवाची पेटी मावेल एवढी जागा, हे काकूंनी स्वतः टेप घेऊन मापलं. दर पावसाळ्यानंतर काका न चुकता किट दाखवायला आणायचे. कुठे काही बिघडलेलं नसायचं. हाफेश्वरला नर्मदेच्या काठी, पोळोच्या जंगलात, मांडवीच्या किनाऱ्यावर ते कसे राहिले ते सांगून, चहा पिऊन जायचे.

मधली पाच-सहा वर्षं चांगली गेली. अकरा मॉडेलांचे फर्मे तयार झाले, मुजमहुड्याला शेड घेतली, तिघं कामाला आले.

त्या तिघांतला एक मुलगा हुशार होता. जिगसॉ त्याच्या हातात शोभायचा. मिस्त्रीकाकांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं, काड्यांची युक्तीसुद्धा. दीड वर्षाने तो गेला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःची शेड टाकली. कोणीही धंदा करावा, माझं म्हणणं नाही. पण जाण्याआधी रविवारी चावी मागून घेऊन त्याने आमचे अकराही फर्मे ब्राउन पेपरवर उतरवून नेले, हे आम्हाला दुसऱ्या कारागिराकडून कळलं. आमच्यापेक्षा पंधरा हजारांनी स्वस्त, कारण चौकट नाही, टर्नबकल नाही. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्यायचा आणि फळीतून थेट पत्र्यात घुसवायचा. त्या पत्र्याखालून वायरिंग जातं, ब्रेकचे पाइप जातात. दोन पावसाळ्यांनी त्या भोकांभोवती तांबूस कडी दिसू लागली की त्याची गिऱ्हाइकं आमच्याकडे यायची. आम्ही गंज घासून, झिंक प्रायमर मारून भोकं बुजवून द्यायचो. मी त्याचे पैसे घेतले नाहीत. काका म्हणायचे, शिकवलं आपणच.

मग २६ ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. पाऊस दिवसभर थांबला नाही आणि त्या आठवड्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. शेडमध्ये तीन गाड्या. पहाटे रखवालदाराचा फोन आला तेव्हा मिस्त्रीकाका माझ्याआधी निघाले होते, वय एकाहत्तर. पाणी गुडघ्याला लागत होतं. दोन गाड्या आम्ही बाहेर काढून अकोट्याच्या पुलावर नेल्या, अर्धं शहर आपापल्या गाड्या घेऊन तिथे उभं होतं. तिसरीची बॅटरी चार्जिंगला काढलेली होती. परत आलो तेव्हा पाणी कमरेला. काका म्हणाले गाडी सोडा, किट काढा. अंधारात, मोबाइलच्या उजेडात त्यांनी चार टर्नबकल हाताने सोडवले. किट माळ्यावर टाकलं आणि आम्ही बाहेर पडलो.

तीन दिवसांनी शटर उघडलं. जमिनीवर वीतभर चिखल. लाकूड कोरायचा राउटर, कंप्रेसर, बँडसॉची मोटर सगळं गेलं. फर्मे खालच्या मांडणीत होते. चार मिलिमीटरचा साधा प्लाय फुगून पानापानाने सुटला होता, काड्या तरंगून कोपऱ्यात साचल्या होत्या. विमा यंत्रांचा होता, त्याचे काही पैसे आले. फर्म्यांचे शून्य. त्यांच्या लेखी ती रद्दी. सात वर्षांचं काम, अकरा गाड्यांच्या बावीस कमानी, आणि पावती नाही म्हणून किंमत नाही. बुडालेल्या गाडीच्या मालकाला विम्यातून मिळालेल्या रकमेत जे कमी पडलं ते आम्ही हप्त्यांनी भरलं. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या, हे लिहितोय कारण ते खरं आहे.

त्याच आठवड्यात त्या मुलाचा फोन. "सर, ऐकलं तुमचे फर्मे गेले. माझ्याकडे आहेत. मॉडेलमागे पंधरा हजार द्या, कॉपी काढून देतो." आमचेच फर्मे. मी फोन ठेवला. मग समजलं की आमची शेड कायमची बंद झाली असं तो गिऱ्हाइकांना सांगतोय. गणपतीच्या दहा दिवसांत चार ॲडव्हान्स परत मागितले गेले. मी परत केले. आमच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एक फोन करून विचारलं असतं, एवढंच मला वाटतं, आणि ते अजून वाटतं.

विसर्जनानंतरच्या रविवारी दांडिया बाजारातले काका आले. त्यांचं घर उंचावर, गाडी सुखरूप. त्यांनी डिकी उघडली, स्वतः टर्नबकल सोडवले, किट आमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यावरून उतरवून घ्या. मला घाई नाही." फळी उलटी केली तर खाली मिस्त्रीकाकांच्या अक्षरात गुजरातीत लिहिलेलं दिसलं: डावी, उजवी, मापं, २०१७ ची तारीख. कडा अजून घट्ट, प्लायचं एकही पान सुटलेलं नाही. मिस्त्रीकाका बराच वेळ त्या कमानीच्या काठावरून बोट फिरवत बसले. डोळ्याला मोतीबिंदू होता, पेन्सिलची रेघ त्यांना दिसत नव्हती. त्यांनी बोटाने दाखवलं आणि रेघ मी ओढली.

मग आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन केला. सात जण किट घेऊन आले, एक जण आणंदहून. राहिलेल्या मॉडेलांचे फर्मे पुन्हा काड्या लावून काढले. यातलं एकही किट गाडीला स्क्रूने जखडलेलं असतं तर टेबलावर आलं नसतं.

एवढ्यात चार गोष्टी सांगून घेतो, ऐका किंवा नका ऐकू. फर्मे दोन संच ठेवा आणि एक दुसऱ्या मजल्यावर. आमचा आता घरच्या माळ्यावर असतो. बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन काचा दोन बोटं खाली ठेवा, जाळीला चुंबकपट्टी लावा, सकाळी काचेवरून पाणीही गळणार नाही. जादा बॅटरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, मध्येच व्होल्टेज पाडतो, तेव्हा दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या साध्या रिलेवर विसंबू नका, डीसी-डीसी चार्जर लावा. आणि छतावर तंबू टाकण्याआधी गाडीच्या पुस्तकात छताची वजनमर्यादा वाचा. छोट्या गाड्यांत तंबूच ती बहुतेक संपवतो.

त्या वर्षी खंडेनवमीला टेबलावर नवा राउटर, जुनी कानस, बाबांची आकसपट्टी आणि पहिला नवा फर्मा मांडला. दांडिया बाजारचं किट शेजारी ठेवलं होतं. काकू हळदीकुंकू वाहून म्हणाल्या, "आता आमचं आम्हाला द्या, कोजागिरीला हाफेश्वरला जायचंय." मिस्त्रीकाकांनी किट गाडीत बसवलं, चारी टर्नबकल आवळले आणि फळीवर मूठ आपटून कुरकुर येते का ते ऐकलं.