मानहाइमला गाडी लागली

जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या मधल्या भागात रस्त्यांना नावंच नाहीत हे मी ऐकून होते, पण ते खरं मानलं नव्हतं. शब्दकोश करणाऱ्यांच्या एका परिषदेसाठी जिथे पोहोचायचं होतं त्या संस्थेचा पत्ता होता 'आर ५'. एवढंच. मी एका आजोबांना विचारलं, "रस्ता कुठला?" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि समजावलं: राजवाड्याकडे पाठ करून उभी राहा. डावीकडे ए ते के, उजवीकडे एल ते यू. म्हणजे 'आर ५' कुठे, तर उजव्या बाजूला सातवी ओळ, मधल्या रस्त्यापासून पाचवा चौकोन. सगळं शहर अकारविल्हे लावलेलं! कोशवाल्यांना परिषद भरवायला याहून योग्य गाव मिळालं नसतं. तरीही मी दोनदा चुकले, ती गोष्ट वेगळी.

हे २०२२ च्या जुलैतलं. युरालेक्स ही युरोपातल्या कोशकारांची संघटना. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी भरलेल्या परिषदेतून ती जन्मली आणि आता साधारण दर दोन वर्षांनी नव्या शहरात भेटते. आधीची परिषद ग्रीसला व्हायची होती, ती कोरोनामुळे लांबली आणि शेवटी ऑनलाइन झाली. त्यामुळे मानहाइमला माणसं एकमेकांना प्रत्यक्ष पाहूनच खूश होती. मी राहते हायडेलबर्गला, गाडीने वीसेक मिनिटांवर. त्या उन्हाळ्यात नऊ युरोत महिनाभर लोकल गाड्यांतून कुठेही फिरता येत होतं, त्यामुळे प्रवास जवळजवळ फुकट. नोंदणीचे पैसे भरताना मात्र हात जरा आखडला. पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. केलं, लग्न होऊन इथे आले, आणि इतकी वर्षं 'पुढे काय करणार' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हटलं, निदान ऐकून तरी येऊ.

यजमान होती जर्मन भाषेची संशोधन संस्था, १९६४ पासून मानहाइममध्ये असलेली. डुडेन या प्रसिद्ध कोशाचं संपादकीय कार्यालयही कित्येक दशकं याच गावात होतं, पुढे बर्लिनला गेलं. या संस्थेकडे जर्मन मजकुराचा ५० अब्ज शब्दांहून मोठा साठा आहे. कोरोनाच्या काळात जर्मनमध्ये आलेले हजाराहून जास्त नवे शब्द त्यांनी टिपून ठेवलेत. 'इम्फनाइड' म्हणजे दुसऱ्याला लस आधी मिळाली म्हणून वाटणारी असूया. 'कोरोनाफ्रिझूर' म्हणजे सलून बंद असताना वाढलेलं डोकं. मला हसू आलं आणि लगेच आपली 'टाळेबंदी' आठवली. गिरण्यांच्या काळात टाळेबंदी मालक करायचे, कामगारांना बाहेर ठेवायला. २०२० मध्ये तोच शब्द सगळ्यांना घरात ठेवायला वापरला. अर्थाने अशी कोलांटी मारली, ती कुणी तारीखवार टिपली असेल तर मला ते पान बघायला आवडेल. मी रोज उघडते ते दोन मराठी कोश म्हणजे मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे (१९३२ ते ३८). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कृपेने ऑनलाइन आहेत. पण त्यांना कोरोना विचारायचा म्हणजे पणजोबांना ओटीपी विचारण्यातला प्रकार.

भाषणांचं मी फार सांगत नाही. वीस मिनिटं बोलणं, मग प्रश्न, आणि बऱ्याच जणांच्या स्लाइड्सवर मागच्या रांगेतून न दिसणारी अक्षरं. खरी परिषद कॉफीच्या टेबलाशी चालते. तिथे एस्टोनियाच्या एका कोशकार बाईंनी विचारलं, "तुमच्या भाषेतलं सगळ्यात छळणारं क्रियापद कुठलं?" मी विचार न करता म्हटलं, 'लागणे'.

मग कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहीत सुटले. भूक लागली. आग लागली. डोळा लागला. ठेच लागली. रांग लागली. वेड लागलं. शोध लागला. लॉटरी लागली. मला बस लागते. ती माझी मावशी लागते. पाऊस पडू लागला. जावं लागतं. बारा झाले.

बाईंनी पहिले दहा सोडले आणि शेवटच्या दोनांवर बोट ठेवलं. क्रियापद तेच. आधी 'पडू' आलं तर सुरुवात, 'पडावं' आलं तर सक्ती. एका प्रत्ययाने माणूस हौसेतून नाइलाजात. "मग हे कोशात लिहायचं की व्याकरणात?" हाच तर तिथला जुना तंटा. व्याकरणवाले म्हणतात आमचं, कोशवाले म्हणतात वाचक शोधायला आमच्याकडे येतो. दुसरा तंटा अर्थ मोजायचा. काही कोशकार फोडणारे असतात, त्यांना बाराचे वीस दिसतात. काही बांधणारे, ते म्हणतात एकच अर्थ आहे: येऊन चिकटणं. मी जन्माची बांधणारी. पण मावशी कशी चिकटते हे मला सांगता येईना.

त्यांच्या भाषेतही असाच प्राणी निघाला. 'मुल हाक्कस क्युल्म', म्हणजे मला थंडी वाजायला लागली. तिथेही 'मी' नाही, 'मला'. आणि 'हाक्कस'चा साधा अर्थ सुरू झालं. आम्ही दोघी इतक्या जोरात हसलो की शेजारचे प्राध्यापक कप घेऊन दूर गेले.

संगणकाच्या मदतीने शब्दांचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ अॅडम किल्गॅरिफ यांनी १९९७ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं होतं की शब्दांचे सुटे अर्थ असतात यावर माझा विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, वापराचे गठ्ठे असतात, आणि ते आपण कामापुरते करतो. पुढे २००४ च्या युरालेक्समध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलं सॉफ्टवेअर तेच करतं: शब्द दिला की त्याचा कर्ता कोण, कर्म कोण, शेजारपाजार कसा, ते क्षणात मांडतं. ते पाहताना मला डेक्कन कॉलेजातली कपाटं दिसत होती. तिथल्या संस्कृत कोशासाठी १९४८ पासून हाताने लिहिलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. एम.ए.ला असताना एक खण ओढून बघू दिला होता. चिठ्ठीवरचं अक्षर इतकं सुबक होतं, की परत ठेवताना ती उलटी तर गेली नाही ना म्हणून तिघींनी तपासलं.

संध्याकाळी स्पघेटी-आइस्क्रीम खाल्लं. ते १९६९ मध्ये याच गावात दारिओ फोंतानेला यांनी काढलं: व्हॅनिला आइस्क्रीम दाबयंत्रातून शेवेसारखं पाडायचं, वर स्ट्रॉबेरीचा रस. आपला सोऱ्याच तो, फक्त थंड.

स्टेशनवर मास्क चढवून उभी होते. हायडेलबर्गची गाडी आली तसं तोंडातून निघालं, "गाडी लागली." तेरावा! आणि आपल्याकडे हेच वाक्य उलटी होणाऱ्या पोरासाठीही चालतं. पत्रिका काढून लिहिलं. गाडीतून आईला फोन लावला, उत्साहाने सगळं सांगितलं. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. ती 'हं, हं' करत ऐकत होती, मग एकदम ओरडली, "थांब गं, तुझ्या नादात दूध लागलं खाली!"

चौदा.