काकूंसोबत काउंटी ऑफिसात

आज काकूंना घेऊन काउंटीच्या ऑफिसात गेले होते, काकांच्या डेथ सर्टिफिकेटसाठी. अमेरिकेतली ही आमची खेड्यातली काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), जमिनीचे कागद, लग्नाच्या नोंदी, मृत्यूच्या नोंदी सगळं एकाच जुन्या इमारतीत आणि खिडकीमागे एकच बाई, पण किती शांतपणे समजावून सांगितलं तिने! नोंद आपण करायची नसते, ती फ्यूनरल होमवाले (अंत्यविधीची व्यवस्था करणारे) करतात, मृत्यूचं कारण डॉक्टर किंवा कोरोनर (मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) लिहितात, आपण फक्त आयडी आणि नातं दाखवून शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी मागायची. बँक, इन्शुरन्स, पेन्शन, बरेच जण तीच मागतात, झेरॉक्स चालत नाही, म्हणून प्लीज एकदमच जास्त कॉप्या घ्या, अशा दुःखात परत परत त्या खिडकीशी उभं राहणं फार जड जातं माणसाला.

आणि भारतातल्या बँकेसाठी किंवा घराच्या कागदांसाठी हवं असेल तर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं, ते राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट ऑफिस देतं. हे आधी कुणी सांगतच नाही!

शेजारी एक आजोबा त्यांच्या पणजीची नोंद शोधत होते. अमेरिकेतली सगळी राज्यं मृत्यूनोंदणीच्या राष्ट्रीय व्यवस्थेत आली १९३३ पर्यंत, त्याआधीचं कुठे सापडतं कुठे नाही, मग चर्चची रजिस्टरं, दफनभूमीच्या वह्या, जुने पेपर चाळत बसायचं.

काकूंनी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख तिथेच नीट तपासून घेतली. तुम्हीपण घ्या, नंतर दुरुस्तीला पुन्हा फॉर्म आणि पुरावे जोडावे लागतात.