तिच्या चार बाटल्या

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मिल्क बँकेत, म्हणजे मातांनी दिलेले दूध तापवून, तपासून गरजू बाळांसाठी साठवतात तिथे, स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मिल्क बँक सुरू केली. आमच्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात एक खोली, दोन डीप फ्रीझर आणि तीन माणसे मिळेपर्यंत पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या सोमवारबद्दल लिहीत आहे, त्याला आता चार महिने होतील. त्या दिवशी मी एका बाईला खोटे सांगितले की नाही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

सकाळी सव्वानऊला लॅबमधून निरोप आला, की शुक्रवारी तापवलेल्या बॅचच्या नमुन्यात जंतू वाढले आहेत. बॅच चार मातांच्या दुधाची होती आणि ९०० मिली होती.

दूध तापवणे म्हणजे उकळणे, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत सारख्या मापाने दूध भरून ते डबे हलत्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवायचे असतात. मधल्या एका डब्यात तापमापकाची तार सोडायची आणि त्या डब्यातले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला पोहोचले की तिथून ३० मिनिटे मोजायची. टाकीतल्या पाण्याचे तापमान पाहून घड्याळ लावणारा माणूस हमखास चुकतो, कारण पाणी आधी तापते आणि दूध मागून. वेळ भरली की डबे बर्फाच्या पाण्यात घालून झटपट ४ अंशांपर्यंत खाली आणायचे आणि निकाल येईपर्यंत उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. एचआयव्हीसारखे विषाणू आणि नेहमीचे बहुतेक जंतू यात नष्ट होतात. संरक्षक घटकांपैकी काही टिकतात, काही कमी होतात, आणि चरबी पचवायला मदत करणारे दुधातले विकर मात्र जाते. म्हणूनच पहिला मान आईच्या स्वतःच्या दुधाचा, त्यानंतर आमच्या दुधाचा आणि अगदीच काही नसेल तेव्हा पावडरचा. प्रत्येक बॅचमधला थोडासा नमुना लॅबमध्ये जातो आणि ४८ तासांत त्यात एकही जंतू दिसून चालत नाही. दिसला, तर सगळी बॅच टाकावी लागते.

रजिस्टरमध्ये त्या बॅचपुढे मी लाल शाईने ‘नष्ट’ असे लिहिले, सही केली आणि मावशींच्या साक्षीने डबे रिकामे केले. त्यानंतर शिल्लक दूध मोजले, तर वापरायला मोकळे असलेले दूध १२० मिली निघाले.

वॉर्डात त्या दिवशी दीड किलोखालची सात बाळे होती. १,४०० ग्रॅमचे पूर्ण दुधावर आलेले बाळ एकटेच दिवसाला दोनशे मिलीच्या वर पिते. याउलट ९८० ग्रॅमच्या एका मुलीला दर दोन तासांनी नळीतून दीड मिली, म्हणजे दिवसभरात मिळून १८ मिली दूध द्यायचे होते. तिची आई झटके येऊन व्हेंटिलेटरवर होती. अशा बाळाला दात्या मातेच्या दुधाऐवजी पावडर दिली, तर आतडे सुजून सडण्याच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट होतो. त्या आजारात संध्याकाळी पोट फुगलेले बाळ सकाळपर्यंत हातचे गेलेले मी पाहिले आहे. त्यामुळे १२० मिली दूध सर्वांत लहान तीन बाळांसाठी राखायचे आणि मोठ्या बाळांच्या आयांना दर अडीच-तीन तासांनी पंपावर बसवायचे, असे इन्चार्ज सिस्टर आणि मी ठरवले. ‘एखाद्या वेळी पावडर दिली तर काय बिघडते,’ असे त्याही दिवशी एका तरुण डॉक्टरांनी फोनवरून सांगितले. ते हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण दूध हे औषधाइतकेच काटेकोरपणे द्यायचे असते, हे त्यांना कोणी नीट शिकवलेलेच नाही, आणि हा दोष त्यांच्या एकट्याचा नाही. सिस्टरांनी पावडरचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावले.

दुपारी दीडच्या सुमारास ती दारात उभी राहिली. बाळाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी ती भावाबरोबर आली होती. ‘नष्ट’ केलेल्या बॅचमधल्या चार मातांपैकी ती एक होती.

तिचा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला आणि सहाव्या दिवशी गेला. ते सहा दिवस तिने काढलेला चीक आम्ही त्याला थेंबाथेंबाने दिला होता. तो गेल्यावर तिची छाती दगडासारखी झाली. दूध आटण्याची गोळी लिहून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. गोळी बरोबरच होती, पण ती घ्यायची की नाही हे तिला कोणीच विचारले नाही. अशा बाईला दूध देतेस का, असे विचारायला माझी जीभ रेटत नाही आणि मी विचारतही नाही. ठणका कमी व्हावा एवढेच दूध मी हाताने काढून देत होते, तेव्हा वाटीकडे पाहत ती म्हणाली, “ताई, हे टाकू नका. पेटीतल्या कोन्या लेकराला पाजा.” तिचे एचआयव्ही, कावीळ-ब आणि सिफिलिसचे अहवाल गरोदरपणातच झालेले होते. मी संमतिपत्र वाचून दाखवले, तिने अंगठा दिला, आणि घरी जाईपर्यंतच्या चार दिवसांत रोज एक अशा चार बाटल्या आम्हाला दिल्या. सगळे मिळून २६० मिली दूध होते.

संमतिपत्रात चौथ्या परिच्छेदात एक ओळ आहे, की तपासणीत उतरले नाही तर दूध नष्ट केले जाईल. तिच्यासमोर ते वाचताना ही ओळ मी गाळली होती. त्या वेळी ती दया वाटली होती.

दारातच तिने विचारले, “माझं दूध कोन्या लेकराला गेलं, ताई?”

मी म्हणाले, “कोणाचे दूध कोणत्या बाळाला दिले, ते आम्ही सांगत नाही.”

या वाक्यातला शब्दन्‌शब्द नियमाप्रमाणे खरा आहे. दाती आणि बाळ यांची नावे एकमेकांच्या घरच्यांना आम्ही कळू देत नाही, आणि एरवी हेच वाक्य मी निर्धास्तपणे उच्चारते. पण तिने त्याचा जो अर्थ घेतला, तोच तिने घ्यावा असे मला वाटत होते, हेही तितकेच खरे आहे.

“नका सांगू,” ती म्हणाली. “गेलं ना कोनाच्या पोटात, तेवढं बास झालं.” भावाने दाखल्याचे कागद पिशवीत घातले आणि ती दोघे एस.टी. गाठायला निघून गेली. ज्या मोरीत तिचे दूध ओतले, ती दारापासून चार पावलांवर होती.

चार दिवसांनी जंतूचे नाव कळले. तो बॅसिलस जातीचा होता. या जातीतले जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवचाचे सुप्त रूप, धरतात आणि ६२.५ अंशांच्या उष्णतेतूनही ते बीजाणू तगतात. धूळ आणि माती हे त्यांचे घर. मिल्क बँकेच्या भिंतीला लागून असलेल्या मार्गिकेतल्या फरशा त्या वेळी तीन आठवड्यांपासून उखडलेल्या होत्या. हे काम सुरू होणार असल्याचे आम्हाला कोणी कळवले नव्हते, आणि दारावर ओला पडदा लावावा यासाठी मी दिलेली दोन पत्रे पोच घेऊन परत आली होती. दोष धुळीचाच होता हे मला सिद्ध करता येणार नाही. तरी पंपाचे धुतलेले भाग ज्या ट्रेमध्ये वाळत असत, तो ट्रे खिडकीखाली होता आणि तो तिथे मीच ठेवला होता. त्या बायांच्या दुधात काही खोट असेल, हे मला पटत नाही. आता ट्रेला झाकण आहे, तो आतल्या कपाटात असतो आणि फरशांचे काम पूर्ण होईपर्यंत आम्ही एकही बॅच तापवली नाही.

त्या सोमवारी रात्री घरी जाण्याआधी मी रजिस्टर पुन्हा उघडले. तिच्या चारांपैकी एखादी बाटली आधीच्या बॅचमध्ये गेली असेल, अशी मला आशा होती. एक बाटली जरी गेली असती, तरी माझे वाक्य खरे ठरले असते. चारही बाटल्यांपुढे एकच बॅच क्रमांक होता.

९८० ग्रॅमच्या मुलीला राखीव दूध पुरले. नवव्या दिवशी तिची आई शुद्धीवर आली, आणि अकराव्या दिवशी तिच्या स्वतःच्या दुधाचे पहिले तीन मिली मुलीच्या नळीतून गेले.

बाळ गमावलेल्या मातेचे दूध इतरांच्या दुधात न मिसळता वेगळे तापवावे, असे मी आमच्या डॉक्टरांना सुचवले. एवढ्या थोड्या दुधासाठी टाकी भरणे आणि प्रत्येक वेळी लॅबकडे वेगळा नमुना पाठवणे परवडणार नाही, असे ते म्हणाले, आणि हिशेबाने त्यांचे बरोबर आहे. मग मी माझ्यापुरते एवढेच ठरवले, की चौथ्या परिच्छेदातली ती ओळ आता कोणासमोरही गाळायची नाही.

गेल्या पंधरवड्यात पुन्हा एक अशी आई आली. जुळ्यांपैकी दोन्ही बाळे गेलेली होती. तिने स्वतःहून विचारले म्हणून मी कागद काढला आणि त्या ओळीपाशी आल्यावर आवाज खाली न आणता ती पूर्ण वाचली. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत होते. बोट ठेवून तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

मग म्हणाली, “म्हणजे वायाही जाऊ शकतं.”

“हो,” मी म्हणाले.

तिने पेन मागितले.