ढब्बू, चिंगी, आण्णा आणि साउथ डकोटाचं माळरान

मंगळवार रात्र, चेंबरलेन

दिवसभर अमेरिकेतल्या आय-90 हायवेवर नाकासमोर पश्चिमेला, भाड्याच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात: मी, नवरा, आण्णा म्हणजे माझे वडील, आणि ढब्बू-चिंगी ही दोन कुत्री. मिनेसोटा संपेपर्यंत मका आणि सोयाबीन, पुढे साउथ डकोटा लागला तरी सोयाबीन आणि मकाच. मिचेलचा कॉर्न पॅलेस, म्हणजे मक्याच्या कणसांनी भिंती सजवतात तो, सोडूनच दिला, बाहेर ऊन मरणाचं आणि कुत्र्यांपाशी गाडीत बसणार कोण.

गाडी पंचवीस फुटी आहे, क्लास सी म्हणतात ती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पण एक पलंग असतो. तो आण्णांना द्यायचं ठरलं होतं पण शिडी बघून ते म्हणाले मी खालीच बरा, मग जेवायचं टेबल खाली पाडून त्यांचा पलंग केला आणि अर्ध्या तासात त्यातला अर्धा ढब्बूने घेतला. ढब्बू म्हातारा लॅब, मागचे पाय धरतात, त्याला गाडीत चढवायला रॅम्प लागतो. चिंगी कॅटल डॉगची मिक्स, तिला रॅम्प नको, ती खिडकीतून पण चढेल.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, दहिवडी डेपो. इथलं लायसन नाही म्हणून बाजूच्या सीटवर बसून ब्रेक दाबत असतात, जो तिथे नाहीये. पण खरं सांगते, आज त्यांचा उपयोग झाला. दक्षिणेचा वारा थेट डाव्या अंगावर येत होता आणि ही गाडी म्हणजे वाऱ्याला आडवी लावलेली भिंतच. इथे स्पीड लिमिट 80 मैल, आम्ही 60 वर, त्यामुळे सगळे ट्रक आम्हाला ओव्हरटेक करून जाणार, आणि प्रत्येक ट्रक शेजारी आला की गाडी एकदम डावीकडे जायची आणि तो पुढे गेला की परत जोरात उजवीकडे. नवरा घामाघूम. आण्णा शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, मोठी गाडी आडवी आली की वारं तुटतं, तवा आपली गाडी तिकडं वढती. ट्रक यायच्या आधी हात घट्ट करा, तो गेल्यावर न्हाय.” त्यानंतर बरं चाललं.

मिसुरी नदीच्या वर रेस्ट एरियात डिग्निटीचा पुतळा आहे, 50 फूट उंच, स्टीलचा, 2016 मध्ये बसवलेला, पाठीवर चांदण्यांची गोधडी घेतलेली तिथल्या मूळ लोकांमधली बाई. आण्णा बराच वेळ गोधडीकडे बघत होते. कुत्र्यांनी गवत बघितलं, आपापलं काम केलं.

बुधवार

नदी ओलांडली आणि मका संपला. म्हणजे हळूहळू नाही, तासाभरात. शंभराव्या रेखांशाच्या आसपास पाऊस वर्षाला वीस इंचाच्या खाली येतो आणि तिथून पश्चिमेला शेती कमी, गवत जास्त. रॉकी पर्वतांच्या पावसाच्या सावलीतला भाग ना हा. आण्णांना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, “आगं मला काय सांगती, म्हाबळेश्वरात ढग फुटतोय आन् म्हसवडात धूळ, जल्मभर त्याच रस्त्यावर गाडी मारलीय.” गप्प बसले.

पुढे कुठेतरी घड्याळ एक तास मागे गेलं. हे कुत्र्यांना कोण सांगणार. नवीन टायमाने पाच वाजता दोघं वाट्यांपाशी हजर, ढब्बू नुसता बघत राहतो आणि चिंगी वाटी पायाने ढकलते, आवाज करायला.

आता ग्रूपवर ज्यांनी “वा, आरव्ही! कुठेही थांबा, कुठेही झोपा, फुल फ्रीडम” असं लिहिलं त्यांच्यासाठी. छतावरचा एसी बॅटरीवर चालत नाही. एकतर कॅम्पग्राउंडची वीज पाहिजे नाहीतर जनरेटर, आणि जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी पाव झाली की मुद्दाम बंद पडतो, म्हणजे निदान पंपापर्यंत तरी पोचाल. गाडीचं ॲव्हरेज गॅलनला 9 मैल, लिटरला चार किलोमीटर पण नाही, आण्णा म्हणाले आमची लाल गाडी पन्नास माणसं घेऊन यापेक्षा बरी चालायची. आतलं टेंपरेचर फोनवर कळवणारं यंत्र आम्ही घेतलंय, मस्त आहे, फक्त त्याला रेंज लागते आणि माळावर रेंज नसते. त्यामुळे नियम एकच, कुत्री आत असली की एक माणूस आत.

म्हणून वॉल गावातल्या वॉल ड्रग या दुकानात पाळ्या लावून गेलो. 1931 साली टेड हस्टेड नावाच्या फार्मासिस्टने या एवढ्याशा गावात दुकान घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना, मग 1936 च्या उन्हाळ्यात बायकोच्या डोक्यातून निघालं की हायवेवर पाट्या लावा, फुकट बर्फाचं पाणी. आज तिथे अख्खा बाजार आहे, पाणी अजून फुकट आणि कॉफी पाच सेंट. आण्णांनी हिशोब केला, चार रुपये, आणि दोन कप प्यायले. बाकी दुकान मला काही झेपलं नाही, खोटे डायनासोर वगैरे.

गुरुवार

बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये कुत्र्यांना ट्रेलवर बंदी. रस्त्याच्या कडेने, पार्किंगमध्ये, कॅम्पग्राउंडमध्ये चालतं, सहा फुटांच्या लीशवर, पण लाकडी बोर्डवॉकवर सुद्धा पाऊल नाही. माउंट रशमोरला, म्हणजे डोंगरात अध्यक्षांचे चेहरे कोरलेत तिथे, तर पार्किंगच्या पुढे नाहीच. नवऱ्याची लिस्ट होती, तो हिरमुसला जरा. लांबून गाडीतून ते रंगीत पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर बघितले, छान आहेत, फोटोत दिसतात तसेच आहेत.

पण पार्कला लागूनच बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड आहे, जवळपास 6 लाख एकर, वनखात्याचं, आणि तिथे कुत्र्यांना मज्जाव नाही. थोडासाच कच्चा रस्ता, मग सपाट कडा, गाडी लावा आणि फुकट रहा. वीज नाही, नळ नाही. इथे यायचं असं कुणाच्याच लिस्टमध्ये नव्हतं, कुत्र्यांमुळे आलो, आणि मला वाटतं पूर्ण ट्रिपमध्ये प्रेअरी, म्हणजे हे गवताळ माळरान, बघितली ती इथेच. बाकी ठिकाणी काच लावून बघितली.

पोचल्यावर पहिल्या तासात वाटतं काही नाहीये, पिवळं गवत आणि आभाळ. मग चिंगी लीश ओढत एका जागी थांबते, दोन मिनिटं नाक खाली, काही दिसत नाही, आपण वाकून बघायचं तर तिथे लेंड्या, एक पीस, मुंग्यांचं वारूळ आणि चार जातींचं गवत. ब्लू ग्रामा ओळखायला सोपं, काडीच्या टोकाला तुरा आडवा, भुवईसारखा. बफेलो ग्रास जमिनीला चिकटलेलं, वीतभर पण नाही. म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर फिरलं की तासाला अर्धा मैल होतो, तेवढ्या वेगाने दिसतं सगळं.

रात्री हेडलॅम्प लावून आण्णांनी ढब्बूचा पंजा मांडीवर घेतला. फॉक्सटेल बार्ली नावाचं एक गवत आहे इथे, दिसायला रेशमी, पण त्याची कुसळं उलट्या दातऱ्यांची, एकदा बोटांच्या बेचक्यात घुसली की चालताना आत आतच जातात, बाहेर येत नाहीत, नाकात कानात गेली तर डॉक्टरच लागतो. आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, बेचक्यातले केस खोबरेल तेलाने बसवले, मग चिमट्याने एक कुसळ अगदी मुळाशी धरून ज्या दिशेने आत गेलं होतं त्याच रेषेत सरळ बाहेर ओढलं, थोडं रक्त, ढब्बूने हात चाटला. बाकीचे तीन पंजे पण बघितले. “मेंढरांचं बी असंच असतंय,” एवढंच बोलले.

शुक्रवार, का शनिवार. फोन आता बंद आहे

वॉलमध्ये नॅशनल ग्रासलँड्सचं माहिती केंद्र आहे, तिथलं वाचलेलं आण्णांना सांगत बसले. 1862 चा कायदा, 160 एकर जमीन घ्या, पाच वर्षं कसा, तुमची. पूर्वेकडच्या पावसात 160 एकर पुष्कळ, इथे त्यात धड गुरं पण जगत नाहीत. पण रेल्वे आली, जाहिराती आल्या, लोक आले, आणि ही जमीन लाकोटांची, इथल्या मूळ लोकांची, होती हे कुणी विचारलं नाही (त्यांच्यासाठी राखलेली जमीन, पाइन रिज रिझर्वेशन, इथून दक्षिणेला लागूनच आहे). गवत नांगरलं. मग 1930 च्या दशकात दुष्काळ, टोळ, माती उडाली, लोक घरं सोडून गेले. शेवटी सरकारने पडीक झालेली जमीन विकत घेतली, परत गवत धरू दिलं, आणि 1960 साली त्याला नॅशनल ग्रासलँड केलं.

आण्णा एकदम सावरून बसले. “सरकारनं इकत घेतली? पैसं देऊन?” हो म्हटलं, थोडेच, पण दिले. त्यावर बराच वेळ काही नाही. मग बाहत्तरचा दुष्काळ काढला, शाळकरी होते, खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचे, सुकडी मिळायची, गुरं विकली. मला हे माहीत होतं पण त्यांचा कुत्रा होता हे माहीत नव्हतं. “वाघ्या हुता एक. छावणीत बैलं घेत्यात, कुत्र्याला कोण घेतंय. ऱ्हायला तो आमच्याबरुबर, सुकडी खाऊन.” चिंगी तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपली होती, नेहमीच झोपते, म्हणून त्याचं काही नाही.

दुपारी कोनाटा बेसिनकडे रस्त्यालगत प्रेअरी डॉगांची वस्ती. नावात डॉग असला तरी जात खारीची, बिळाच्या तोंडाशी उभं राहून ओरडतात. चिंगीचा जीव जाणार असं वाटलं. तिला उतरवलं नाही, कारण नुसतं पळेल हे नाही, या बिळांमधल्या पिसवांमधून प्लेग पसरतो, खराखुरा प्लेग, 2008 मध्ये इथे पोचला आणि आता बिळांमध्ये पिसवा मारायची पावडर टाकतात. रॅटलस्नेक पण याच बिळांत राहतात. ट्रिपला निघायच्या आधी दोघांना पिसवांचं औषध दिलंय.

एवढी मेहनत कशासाठी तर ब्लॅक फुटेड फेरेटसाठी, मुंगसासारखा लांबट प्राणी, जो जवळजवळ फक्त या प्रेअरी डॉगांवर जगतो. तो संपला असं सगळे धरून बसले होते. मग 1981 मध्ये वायोमिंगमध्ये मीटीट्सीजवळ एका रँचवरच्या शेप नावाच्या कुत्र्याने रात्री एक मेलेलं जनावर आणून घरापाशी टाकलं, आणि ते निघालं फेरेट. शोधल्यावर एक पूर्ण वसाहत सापडली, पुढे रोगाने ती पण गेली, उरलेले 18 पकडून त्यांच्यापासून पैदास केली, आणि नव्वदच्या दशकात इथे सोडले. आम्हाला दिसला नाही, रात्रीचा प्राणी आहे. आण्णा म्हणाले, “सरकारला न्हाय गावलं ते कुत्र्याला गावलं.” ही गोष्ट त्यांनी नंतर फोनवर आईला दोनदा सांगितली.

संध्याकाळी वादळ. मधेच थोडी रेंज आली आणि फोन किंचाळला, वादळाचा इशारा, पेनिंग्टन काउंटी (काउंटी म्हणजे जिल्हा), गारा, जोराचा वारा. आता आपण कुठल्या काउंटीत आहोत हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार, नकाशा उघडून बघेपर्यंत पश्चिमेला काळं झालं होतं. आण्णा म्हणाले गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, आडवी ठेवू नका. वळवली, आणि त्यांनी सवयीने दाराच्या पत्र्यावर टकटक दोनदा केलं, डबल बेल. गारा बारीक होत्या, पण पत्र्यावर काय आवाज होतो. ढब्बू बाथरूममध्ये जाऊन अर्धाच मावला, अर्धा बाहेर. मी तिथेच दारात बसले त्याच्या पाठीवर हात ठेवून, वीसेक मिनिटं, पाय मुंग्या येऊन गेले.

सोमवार, नेब्रास्का

परतीचा रस्ता मुद्दाम खालून, हायवे 20 ने, व्हॅलेंटाइनवरून. सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, पण वर गवत धरलंय म्हणून जागेवर आहेत, आणि टेकड्यांच्या मधे तळी, खालच्या ओगलाला नावाच्या जलथराचं भूजल वर आलेलं. पवनचक्की, गुरांची पाण्याची टाकी, गुरं, परत पवनचक्की. या राज्यात माणसांपेक्षा गुरं जास्त. नवऱ्याला हे साउथ डकोटापेक्षा आवडलं, मला नाही.

पंपावर मागच्या खडीत चिंगी एकदम तीन पायांवर. आण्णांनी पंजा उलटा केला आणि हसायलाच लागले. “सराटा! आगं हितं बी सराटा!” खरंच, तोच, तीच ती शिंगं, पिवळ्या फुलाची जमिनीवर पसरलेली तीच वेल. इकडचा नाहीच तो, जुन्या जगातून इथे आलाय आणि लोक वैतागलेत, सायकलींची ट्यूब फोडतो म्हणून. आण्णांनी तो कागदात बांधायला घेतला होता, कस्टमवाल्यांचं नाव काढल्यावर टाकला.

बुधवार, घरी

काल डंप स्टेशनला टाक्या रिकाम्या केल्या, ते काम नवऱ्याचं, मी लांब उभी. आधी काळी टाकी, म्हणजे संडासाची, मग धुण्याभांड्याच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. आज उद्याच्या आत गाडीतला प्रत्येक केस काढायचाय, नाहीतर भाडंवाले साफसफाईचे वेगळे पैसे लावतात आणि लॅबचे केस गादीच्या शिवणीत विणल्यासारखे बसतात.

नवरा मार्चचं बोलतोय. नेब्रास्कातल्या प्लॅट नदीवर सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी, उतरतात, लाखोंनी, पहाटे लपणात बसून बघायचे. पण लपणात कुत्री चालत नाहीत, म्हणून त्यांना बोर्डिंगला ठेवू म्हणतो. आण्णा तोवर परत गेलेले असतील तरी त्यांनी मत दिलंच, “मग जाताय कशाला?” नवऱ्याचं म्हणणं सगळ्या ट्रिपा कुत्र्यांच्या सोयीने कशा होतील. बरोबर आहे त्याचं. मी अजून हो म्हटलेलं नाही.