विकाऊ जीटी४० रेप्लिका: रंग नंतर, आधी मागचं झाकण

फोर्ड जीटी४० या साठच्या दशकातल्या रेसिंग कारची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, विकायला निघाली की बहुधा अंगावर फिकट निळा रंग आणि मधोमध नारिंगी पट्टा असतो. हा रंग १०७५ क्रमांकाच्या चॅसिसवर (सांगाड्यावर) बांधलेल्या मूळ गाडीचा. फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोनदा तिने जिंकली. जेमतेम ४० इंच उंची, छतात शिरलेली दारं, जीव जडणारच. पण खरा खर्च मागच्या झाकणाखाली असतो. ते उघडायला लावा आणि आधी गिअरबॉक्स कोणता आहे ते बघा.

मूळ गाडीत झेडएफ कंपनीचा पाच गिअरचा होता. तो महाग, म्हणून रेप्लिकांत रेनोचा यूएन१, ऑडीचा किंवा पोर्शचा जी५० सापडतो. यूएन१ बसवायला सोपा, पण तापट व्ही८ इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याला झेपत नाही. इंजिन वाढवलेलं असेल तर मी तो नाकारेन. जी५० दणकट आहे. मात्र पोर्श ९११मध्ये इंजिन त्याच्या मागे असतं आणि इथे पुढे. तसाच जोडला तर एक गिअर पुढे जायचा आणि पाच रिव्हर्स! म्हणून तो बहुधा उलटा बसवतात. उलटा केला की ऑइलची पातळी बघायचं भोक आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट), दोन्हींची जागा बदलावी लागते. लेव्हलचं नवीन भोक कुठे पाडलंय, हे विक्रेत्याला विचाराच. त्याला सांगता आलं नाही, तर वर गेलेल्या गिअरांना ऑइल पोचत नसेल असं धरून चाला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप चालतो. बोटाला टोचणाऱ्या कपच्या लागल्या तर व्यवहार तिथेच सोडा.

दुसरी दुखरी जागा कूलिंग. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीमागे, मध्ये लांबलचक पाइप. कूलंट बदलताना यात एअर धरते. तापमानाचा सेन्सर त्या हवेच्या कप्प्यात आला तर काटा खालीच राहतो आणि इकडे हेड गॅस्केट जातं. म्हणून थंड इंजिन चालू करून उभ्या गाडीत फॅन लागेपर्यंत थांबा. मग रेडिएटरकडे जाणारा आणि परतणारा, दोन्ही पाइप जपून हाताने बघा. जाणारा चटका देतोय आणि परतणारा गारच, तर पाणी फिरत नाहीये. रेडिएटरच्या माथ्यावर एअर काढायचा स्क्रू आहे की नाही तेही बघा. तो नसेल तर हा त्रास दर वेळी होणार.

पेट्रोलच्या टाक्या मूळ रचनेप्रमाणे दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या उंबऱ्यांत असतात. टाकीत फोम भरलेला असेल तर तो जुना झाल्यावर भुगा होतो आणि थेट फिल्टरमध्ये उतरतो. फिल्टर उघडून काळे कण शोधा. कार्ब्युरेटर ‘जरा ट्यूनिंग मागतोय’ असं सांगतात, तेव्हा कधीकधी मूळ दोष हाच असतो.

सापांच्या वेटोळ्यासारखा एक्झॉस्ट नुसता शोभेचा नाही. १, ४, ६, ७ हे सिलिंडर एका नळीत आणि २, ३, ५, ८ दुसरीत गेले, की प्रत्येक नळीत समान अंतराने ठोका पडतो. फोर्डच्या ३०२ इंजिनावर हेच गट हवेत. एकेक पाइप बोटाने मागे नेऊन खात्री करा. फोर्डच्याच ३५१ विंडसर इंजिनाचा ब्लॉक उंच असतो, त्याला ३०२चे पाइप जमत नाहीत. ओढूनताणून बसवले असतील तर जोडाशी चीर दिसेल.

फायबरच्या बॉडीवर बिजागऱ्यांभोवती चांदणीसारख्या चिरा असतील तर झाकण आपटलं जातंय किंवा खालची पट्टी कमजोर आहे. आणि हेल्मेट घालून आत बसून बघाच. जीटी४० पळवणारा रेसिंग ड्रायव्हर डॅन गर्नी उंच होता, म्हणून त्याच्या दाराच्या छताला फुगवटा काढावा लागला होता. उंच माणसाने तसाच फुगवटा असलेली गाडी शोधावी.

चॅसिस क्रमांक ‘जीटी४०पी’ने सुरू झाला म्हणून गाडी अस्सल ठरत नाही, परवाना घेऊन बांधलेल्या रेप्लिकांनाही तशी मालिका मिळते. क्रमांक कागदाशी जुळवा आणि बांधणी चालू असतानाचे फोटो मागा. फायबर चढल्यावर चॅसिसचं वेल्डिंग बरंचसं झाकलं जातं, मग ते फोटोंतच बघायला मिळतं.