तानसाचा रानपिंगळा आणि तो स्पीकर

तानसाला आम्ही रानपिंगळ्यासाठी, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ छोट्या घुबडासाठी गेलो आणि तो दिसलाही, अगदी पोटभर. तरी घरी आल्यापासून मनात घोळतोय तो एका फोटोग्राफरच्या हातातला छोटासा स्पीकर.

आमच्या घरात पक्षी बघायला जायचं म्हणजे सगळ्यांनी जायचं, आईंसकट, म्हणजे माझ्या सासूबाईंसकट. नान्नजला माळढोक दिसला नाही, पण माळावरचे धाविक पक्षी मनसोक्त बघितले. भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघितले. रानपिंगळ्याचं मात्र आईंना विशेष, कारण त्यांचं माहेर नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडचं. १८८४ नंतर हा पक्षी कुणाच्या हाती लागलाच नव्हता, संपला असंच बहुतेक सगळे धरून चालले होते. २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांना तो पुन्हा दिसला, तो शहाद्याजवळच्या जंगलात. मधल्या ११३ वर्षांत कुणी शोधलं नाही असं नाही. पण रिचर्ड माइनर्ट्सहागन नावाच्या इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातला या पक्ष्याचा जतन केलेला जुना नमुना चोरला आणि तो आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला, असं खोटं लेबल त्याला लावून ठेवलं. त्या लेबलावर विश्वास ठेवून माणसं भलतीकडेच शोधत राहिली. एका माणसाच्या हव्यासापायी केवढा काळ वाया गेला! मला आजही त्याचा संताप येतो.

२०१४ मध्ये हा पक्षी तानसा अभयारण्यात सापडला आणि आम्हा ठाणेकरांना जवळचा झाला. पहाटे निघालो. शहापूर मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. बरोबर जवळच्याच पाड्यावरचा एक मुलगा होता, वाट दाखवायला. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे पाचोळ्यावरून चालताना आमचाच आवाज फार. त्याने हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो.

निष्पर्ण फांदीवर, कोवळ्या उन्हात तो बसला होता. हा दिवसाउजेडी शिकार करणारा पिंगळा. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं, मातकट. चोच चांगली जाड. पाय पांढऱ्या पिसांनी असे भरलेले, की लेकीच्या भाषेत लोकरीची पायजमी. शेपटी डावीउजवीकडे झटकत तो खाली पाचोळ्यात टक लावून बघत होता. आईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. "आमच्याकडे हा होता, आणि आम्हाला ठाऊक नाही," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात मागून एक मोठा ग्रुप आला. हातभर लेन्स, आणि तो स्पीकर. झाडापासून थोड्या अंतरावर उभं राहून त्यांनी रानपिंगळ्याचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, लावला. पक्षी दचकून वळला. शिकार सोडून खालच्या फांदीवर आला, मान उंचावून ओरडायला लागला. हद्दीत दुसरा नर शिरलाय असंच त्याला वाटणार ना! शटर धडाधड वाजत होते. कॉल पुन्हा लावला, मग पुन्हा. नवऱ्याने बंद करायला सांगितलं तर उत्तर आलं, "लांबून आलोय, पाच मिनिटं द्या." लेकीने मला विचारलं, "आई, त्याचं झाड घ्यायला कुणी आलंय असं वाटतंय का त्याला?" मी हो म्हटलं.

शेवटी आई पुढे झाल्या. "भाऊ, बंद करा ते. तुम्ही जाल निघून, तो इथेच राहायचाय." आवाज चढवला नाही, पण अशा उभ्या राहिल्या की लेन्ससमोर त्यांचाच पदर. स्पीकर बंद झाला. पिंगळा मात्र त्यानंतरही बराच वेळ ओरडत राहिला, एकदाही खाली झेपावला नाही. विणीचे महिने हेच. जवळ कुठे घरटं असेल तर तेवढा वेळ अन्न नाही आणि राखणही नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते आमच्या वाटाड्याचं गप्प राहणं. परतताना त्याने कारण सांगितलं. काही पाहुणे आधीच ठरवून घेतात, पक्षी दिसला तर पूर्ण पैसे, नाहीतर निम्मे. मग कॉल लावू नका असं तो कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणजे पक्ष्याला छळणाऱ्या त्या स्पीकरची सुरुवात आपल्याच व्यवहारात होते. त्याला पहाटे उठावं लागतं, अनोळखी माणसांना घेऊन मैलोगणती चालावं लागतं, आणि मोबदला ठरतो पक्ष्याच्या मर्जीवर. हे मला अजिबात पटत नाही.

दुपारी त्याच्या घरी भाकरी आणि ठेचा खाल्ला, आईंनी तांदळाच्या भाकरीची कृती विचारून घेतली. मग घरी.

आता आईंच्या माहेरी, शहाद्याकडे जायचं ठरतंय. तिथल्या ओळखीतल्या वाटाड्याशी नवरा फोनवर बोलला तेव्हा दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या: कॉल लावायचा नाही, आणि रानपिंगळा दिसो न दिसो, पैसे पूर्ण.